वाचक विचारतात: शॉयब्ले खमके की खडूस?

प्रश्न (रामबाग, इंदूर): ताई, सकाळी फिरून आलो की आम्ही चार-पाच रिटायर्ड मंडळी पोहे-जलेबी खायला बसतो, तिथे परवा वाद पेटला. माझा भाचा स्टुटगार्टला नोकरीला आहे, तो म्हणतो वोल्फगांग शॉयब्लेंसारखा मंत्री जर्मनीत परत होणे नाही. आमच्यातले बँकवाले काका म्हणतात, अहो त्या माणसाने ग्रीसला रडवलं. खरं काय? आणि ते व्हीलचेअरवर कसे आले?

उत्तर: काका, ग्रीसपुरतं मी बँकवाल्या काकांच्या बाजूने, त्यांच्या पोह्यांवर माझ्यातर्फे थोडी जास्त शेव टाका. पण शॉयब्लेंचं मोठं काम त्याच्या वीस वर्षं आधीचं, आणि ते कट्ट्यावर कोणी काढत नाही.

जन्म 1942, फ्रायबुर्ग. शिक्षण वकिलीचं, पक्ष सीडीयू म्हणजे तिथला जुना पुराणमतवादी पक्ष, 1972 ला खासदार. हेल्मुट कोल चान्सेलर (म्हणजे तिथले पंतप्रधानच) असताना आधी त्यांच्या ऑफिसचे मंत्री आणि 1989 ला गृहमंत्री, आणि त्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली. आता बघा, भिंत पडली म्हणून दोन देश आपोआप एक होत नाहीत, कायदे वेगळे, सरकारी नोकऱ्या वेगळ्या, कोणाची जप्त केलेली घरं-जमिनी परत द्यायच्या की नाही हा वेगळाच घोळ, आपल्याकडे दोन भावांच्या वाटण्या दहा वर्षं चालतात आणि इथे तर वाटणीच्या उलट काम होतं. ते या गृहस्थांनी पूर्व जर्मनीच्या ग्युंथर क्राउझेंबरोबर काही महिन्यांत बसून केलं, 31 ऑगस्ट 1990 ला करारावर सह्या आणि 3 ऑक्टोबरला देश एक.

त्यानंतर नवव्या दिवशी, 12 ऑक्टोबरला, ओपेनाउ नावाच्या छोट्या गावात प्रचारसभा संपवून निघताना एका मनोरुग्ण माणसाने गोळ्या झाडल्या. एक जबड्यात, एक पाठीच्या कण्यात. कमरेखालचं शरीर कायमचं गेलं, वय 48. पण काही आठवड्यांत हे परत कामावर! आणि पुढच्या जूनमध्ये संसदेत राजधानी बॉन ठेवायची की बर्लिनला न्यायची यावर चर्चा होती, त्यात व्हीलचेअरवरून त्यांनी बर्लिनसाठी भाषण केलं. निकाल 338 विरुद्ध 320. त्या भाषणाने बरीच मतं फिरली असं लोक आजही म्हणतात. भाच्याला सांगा, मी त्याच्या बाजूने आहे ती इथे.

चान्सेलर मात्र झाले नाहीत. कोलनी 1997 मध्ये 'माझ्यानंतर हेच' असं जाहीर केलं आणि 1998 ला स्वतःच परत उभे राहून पडले. मग शॉयब्ले पक्षाध्यक्ष झाले आणि देणग्यांचं प्रकरण निघालं. डिसेंबर 1999 मध्ये संसदेत हे सांगत होते की श्रायबर नावाच्या शस्त्रदलालाला मी एकदा भेटलोय, तेवढ्यात ग्रीन पक्षाच्या एका खासदाराने मधूनच विचारलं, सूटकेससकट की सूटकेसशिवाय? हे म्हणाले, सूटकेसशिवाय. महिनाभरात कबूल करावं लागलं की 1994 ला त्याच्याकडून एक लाख मार्क रोख घेतले होते, पक्षासाठी. झालं, खुर्ची गेली आणि ती मिळाली मर्केलबाईंना.

त्याच बाईंनी पुढे चान्सेलर झाल्यावर त्यांना मंत्री केलं, 2005 ला पुन्हा गृह आणि 2009 पासून अर्थ. अर्थमंत्री म्हणून त्यांची ओळख म्हणजे 'काळं शून्य', म्हणजे सरकारने नवीन कर्ज काढायचंच नाही, 2014 ला ते करून दाखवलं, 1969 नंतर पहिल्यांदा. अंथरूण पाहून पाय पसरावे हे मला पटतं हो, पण ज्याचं अंथरूणच ओढून घेतलंय त्याने पाय कुठे पसरायचे? ग्रीस कर्जात बुडाला तेव्हा मदतीच्या बदल्यात काटकसरीच्या अटी आल्या, तिथे पेन्शनी कापल्या, तरुण बेकार बसले, आणि जुलै 2015 मध्ये यांच्या मंत्रालयाच्या कागदात पर्याय काय, तर ग्रीसने पाच वर्षं युरोतून बाहेर राहावं. नियम म्हणजे नियम, हे ज्याने स्वतः रोख रक्कम घेतली होती त्याने इतक्या ताठ मानेने सांगावं हे मला खटकतं ते खटकतंच. ग्रीसच्या मदतीवर संसदेत चर्चा चालू असताना हे टॅबलेटवर सुडोकू खेळताना कॅमेऱ्यात सापडले होते, 2012 ला.

प्रश्न (सुदामा नगर): एकाच माणसाला लोक इतकी वर्षं निवडून कसे देतात?

उत्तर: हे इंदूरकराने विचारावं? आपल्या सुमित्राताई महाजन इथून सलग आठ वेळा निवडून आल्या की! शॉयब्ले ऑफेनबुर्गमधून 14 वेळा, 1972 पासून डिसेंबर 2023 मध्ये गेले तोवर खासदारच. गंमत म्हणजे सुमित्राताई लोकसभेच्या अध्यक्ष होत्या तेव्हाच, 2017 च्या ऑक्टोबरपासून, हे जर्मन संसदेचे अध्यक्ष. अर्थखातं सोडलं त्या दिवशी मंत्रालयातली माणसं काळे कपडे घालून अंगणात गोल उभी राहिली, वरून पाहिलं तर मोठं काळं शून्य.