समुद्रकाठच्या घरी बिअरसाठी देठाचे नाजूक ग्लास घ्यावेत का?

आपण विचारले आहे की, दापोलीजवळ समुद्रकाठी घर घेतले असून तेथे बिअरसाठी लांब दांड्याचे, पातळ काचेचे सहा ग्लास नेण्याचा विचार आहे, तर त्याने खरोखर काही फरक पडतो की तो निव्वळ मिरवण्याचा प्रकार आहे. मी गुहागरजवळ राहतो. असे सहा ग्लास मी पुण्याहून आणले होते आणि त्यांपैकी दोन आज शिल्लक आहेत, तेव्हा माझे उत्तर अनुभवाचे आहे, आणि थोडेफार आकडेमोडीचेही.

फरक पडतो, परंतु ज्या कारणासाठी हे ग्लास विकले जातात त्या कारणाने नव्हे. मी त्या दांड्याला देठ म्हणतो. आमच्या आत्याने मात्र ते खोक्यातून बाहेर निघताना पाहून, “ही काचेची समई कशाला आणलीस रे?” असे विचारले होते, आणि रचना पाहिली तर तिचे काही चुकले नव्हते. खाली बैठक, मध्ये बारीक दांडा आणि वर सगळा भार. फरक इतकाच की समईची बैठक पितळेची आणि जड असते, तर या ग्लासाची बैठक त्याच्या डोक्यापेक्षा हलकी असते.

देठाचे समर्थन असे केले जाते की, हाताची ऊब पेल्याला लागत नाही आणि बिअर थंड राहते. हा विचार जेथे जन्मला त्या युरोपात खोलीतील हवा विशीच्या आसपास असते, म्हणून तळहात हीच जवळपासची सर्वांत गरम वस्तू ठरते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पडवीतली हवाच तळहाताइतकी गरम असते, आणि शिवाय तिच्यात जे असते ते युरोपीय हवेत क्वचितच असते, ते म्हणजे भरपूर बाष्प. किनाऱ्यावर उन्हाळ्यात दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते, २५ अंशांच्या आसपास राहतो, त्यामुळे ५ अंशांची बिअर ओतताक्षणीच ग्लासाला घाम फुटतो. हा घाम दिसायला गारव्याची खूण वाटतो, पण प्रत्यक्षात तोच बिअर तापवतो. वाफेचे पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे २४०० जूल उष्णता बाहेर पडते आणि ती थेट काचेत शिरते. ३३० मिलिलिटर बिअर असलेल्या ग्लासाच्या बाहेरच्या अंगाला एक दशांश मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर जमला, तर ते पाणी जेमतेम अडीच ग्रॅम भरते, आणि तेवढ्याने बिअर ४ अंशांनी चढते. हात लागो वा न लागो, हे घडतच राहते. ग्लास फडक्याने पुसल्याने टेबल कोरडे राहील, पण आत गेलेली उष्णता परत येणार नाही. म्हणजेच देठ ज्या शत्रूपासून रक्षण करतो, तो कोकणात दुय्यम शत्रू आहे.

मग हे ग्लास निरुपयोगी का? नाही, कारण देठाबरोबर आणखी एक गुण आपोआप येतो आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. तो म्हणजे पातळ काच. परमिट रूममध्ये मिळतो तसा कानाचा जाड मग सहाशे ग्रॅम वजनाचा धरला, तर काचेची उष्णता साठवण्याची क्षमता पाण्याच्या सुमारे पाचवा हिस्सा असल्याने, तो मग म्हणजे १२० ग्रॅम कोमट पाणीच समजा. ३१ अंशांच्या त्या मगात ५ अंशांची ३३० मिलिलिटर बिअर ओतली की काच आणि बिअर यांचे तापमान जुळेपर्यंत बिअर १२ अंशांच्या जवळ जाते, तर १२० ग्रॅमच्या पातळ ग्लासात तीच बिअर ७ अंशांच्या आत राहते. ओतल्यानंतर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच हा पाच अंशांचा फरक पडून जातो. काच जाड असली म्हणजे बाहेरची उष्णता अडते, हा समज बहुतांशी चुकीचा आहे, कारण उष्णता अडवण्याच्या कामी काच मुळातच कच्ची आहे. जाड मगाचा उपयोग तो आधीच फ्रिजमध्ये गार करून ठेवला असेल तरच होतो. मात्र फ्रीझरमध्ये ठेवून त्यावर बर्फाची साय आणणे मला पटत नाही. ते बर्फ वितळून बिअरमध्येच उतरते, ओतताना फेस उसळतो आणि जीभ इतकी बधिर होते की चवीचा प्रश्नच उरत नाही. पातळ ग्लास तर फ्रीझरमध्ये ठेवूच नये.

आता आकार. आपल्या फुलपात्राचा काठ बाहेर वळलेला असतो, ते पाणी घटाघटा पिण्यासाठी उत्तम आहे, कारण पाण्याला वास नसतो. ट्युलिप म्हणतात त्या ग्लासाची घडण याच्या उलट आहे. पोटाशी फुगीर आणि वर अरुंद होत गेलेला, क्वचित अगदी काठाशी किंचित बाहेर वळलेला. फेस फुटताना वर येणारा सुगंध त्या अरुंद जागेत साठतो आणि फेसालाही कडेने आधार मिळतो. ज्या बिअरमध्ये सुगंध भरपूर आहे, उदाहरणार्थ हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, मारा असलेली आयपीए, बेल्जियन पद्धतीची कडक एल किंवा भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) गडद स्टाउट, तिच्यासाठी हा आकार खरोखर वेगळा अनुभव देतो. हा अनुभव मी पहिल्यांदा घेतला तेव्हा तीच बिअर मी वर्षभर बाटलीने पीत होतो याची मला खंत वाटली. स्टाउटच्या बाबतीत तर थोडे तापमान चढलेलेच बरे असते, ती १० ते १३ अंशांवर अधिक बोलते, म्हणून कोकणातील हवा तिला तितकी मारक नाही.

परंतु हा लाभ चार भिंतींच्या आड मिळतो. आपण नक्कीच संध्याकाळी पुळणीवर, सुरूच्या झाडांखाली बसण्याचे मनात आणले असेल. तेथे खारा वारा कोणत्याही ग्लासातला सुगंध ओठांपर्यंत येण्याआधीच उडवून नेतो, वाळूत बैठक टेकत नाही, आणि वाऱ्याच्या एका झोताने समई आडवी होते. फुटलेली काच वाळूत सापडत नाही आणि दुसऱ्या दिवशी ती कोणा रापणकराच्या अनवाणी पायाला सापडते, म्हणून पुळणीवर काच नेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाचाही मुद्दा आहे. हॉप्समधील कडवट द्रव्ये प्रकाशाने मोडतात आणि बिअरमधील गंधकाच्या संयुगांशी मिळून त्यांचा एक उग्र, रबरासारखा वास तयार होतो. बाटल्या तपकिरी असतात त्या याचसाठी. पारदर्शक ग्लासात कडक उन्हात ठेवलेल्या बिअरला हा वास यायला काही मिनिटे पुरतात, आणि ट्युलिपचा आकार तो वास इमानदारीने आपल्या नाकापर्यंत पोहोचवतो.

हा इमानदारपणा घरातही कधीकधी नडतो. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी दुकानात सहज मिळते ती बहुधा ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाणारी बिअर असते. तिच्यात सुगंध म्हणावा तसा काही नसतो, असतो तो अल्कोहोलचा भपका. शिवाय उन्हाळाभर दुकानात उकडलेल्या बाटलीत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास शिरलेला असतो. असली बिअर चांगल्या ग्लासात ओतणे म्हणजे तिची उलटतपासणी घेण्यासारखे आहे. ती गार करून साध्या ग्लासातून प्यावी, हे दोघांच्याही हिताचे.

साधी लागर, म्हणजे नेहमीची हलकी पिवळी बिअर, आणि रव्यात तळलेली सुरमई यांच्यासाठीही देठाची गरज नाही. तेथे बिअरचे काम गार राहणे, बुडबुड्यांनी तेलकटपणा धुऊन काढणे आणि पुढच्या घासासाठी तोंड मोकळे करणे एवढेच असते. या बाबतीत मला जर्मनीतील कोलोनची पद्धत कोकणासाठी सर्वांत योग्य वाटते. तेथील कोल्श ही बिअर २०० मिलिलिटरच्या सरळ, सडपातळ, पातळ काचेच्या ग्लासात देतात आणि तो रिकामा होताच दुसरा भरलेला समोर येतो. बिअर तापायला वेळच मिळत नाही. आपण कटिंग चहा पितो तो याच न्यायाने. साडेसहाशे मिलिलिटरची बाटली बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवावी आणि एका वेळी दीड-दोनशे मिलिलिटरच ओतावी. वर केलेल्या सगळ्या आकडेमोडीवर हा उपाय कोणत्याही देठापेक्षा भारी पडतो. देठाच्या ग्लासातही काठोकाठ न भरता असेच ओतावे, म्हणजे सुगंधाला जागा राहते आणि समईचे डोकेही हलके राहते.

यानंतर ज्या गोष्टीने माझ्या ग्लासांचा खरा निकाल लावला तिच्याकडे येतो, ती म्हणजे स्वयंपाकघर. फेसाचा वैरी तेल. आमच्याकडे भांडी घासायची जी घासणी बांगड्याच्या तव्यावरून फिरते तीच ग्लासात फिरली, की काचेवर डोळ्यांना न दिसणारा स्निग्ध थर राहतो आणि त्यावर ओतलेल्या बिअरचा फेस बघता बघता विरतो. पहिल्या महिन्यात मी दुकानदाराला शिळी बिअर दिल्याबद्दल मनातल्या मनात बोल लावत होतो, आणि दोष माझ्या मोरीत होता. ग्लास निर्मळ आहे की नाही हे पाहण्याची सोपी रीत अशी की, तो आतून ओला करून त्यात बारीक मीठ भुरभुरावे. मीठ सगळीकडे सारखे चिकटले तर ग्लास स्वच्छ आहे, जेथे चिकटले नाही तेथे तेल आहे. बिअर ओतल्यावर भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले तर तीही मळाचीच खूण असते. ग्लासांसाठी वेगळा मऊ स्पंज ठेवावा, खाण्याच्या सोड्याने धुवावेत, भरपूर पाण्याने खळबळावेत आणि फडक्याने न पुसता जाळीवर उपडे निथळू द्यावेत, कारण फडक्याचे तंतू आणि वास दोन्ही काचेला लागतात. पावसाळ्यात फडताळात बंद राहिलेल्या ग्लासांना कुबट वास येतो, तेव्हा वापरण्यापूर्वी ते पुन्हा गार पाण्याने धुवावेत. त्याने काचही थोडी थंड होते. आणि मासा खातानाच पीत असाल तर ओठांवरचे तेलही फेस मारते, त्याला इलाज नाही.

माझे चार ग्लास फुटले त्यांपैकी दोन धुताना फुटले, आणि दोन्ही वेळा चूक एकच होती. एका हाताने बैठक धरून दुसऱ्या हाताने पेला आतून पिळल्यासारखा पुसला, की सगळा पीळ देठावर येतो आणि तो कटकन तुटतो. धुताना पेलाच हातात धरावा, बैठकीला हात लावू नये. तिसरा झोपाळ्याच्या कडीला लागून गेला, त्यात ग्लासाचा दोष नव्हता. चौथा मेहुण्यांनी आनंदाने माझ्या ग्लासावर आपटला, आणि नशिबाने माझा वाचला.

तेव्हा आपण सहा नव्हे, दोनच घ्यावेत, आणि तेही आखूड देठाचे, पसरट बैठकीचे, तीनशे ते चारशे मिलिलिटरचे, वर अरुंद होणारे. पुण्यामुंबईहून एखादी चांगली आयपीए किंवा स्टाउट सोबत आणाल तेव्हा रात्री, जेवणाआधी, ओटीवर दिव्याखाली बसून त्यांतून प्यावी. बाकी पाहुण्यांसाठी दोनशे मिलिलिटरचे सरळ, पातळ काचेचे डझनभर साधे ग्लास घेऊन ठेवावेत. दापोलीपर्यंत आणताना पेल्याच्या आत मोजा कोंबावा, देठाभोवती पंचा गुंडाळावा आणि दोन्ही ग्लास झाकणाच्या स्टीलच्या डब्यात उभे ठेवून तो डबा पायाशी घ्यावा. माझे सहाच्या सहा घाट उतरून असेच सुखरूप आले होते.