निवेदन कापू नकोस: आजोबांच्या रेडिओच्या कॅसेटी आणि घरचं पॉडकास्ट

बाय, तुझा प्रश्न दोनदा वाचला. गोव्यातल्या साखळीच्या घरात आजोबांच्या ट्रंकेत साठेक कॅसेटी मिळाल्या, बहुतेक रेडिओवरून भरलेल्या, काही चवथीच्या घरच्या आरत्या, दोन-चार इंग्लिश गाण्यांच्या, आणि तुला त्यातून अर्ध्या तासाचं पॉडकास्ट करायचंय ज्यात नाट्यगीतानंतर फादो (पोर्तुगीज गाणं) आणि फादोनंतर फुगडी असं काहीही येईल. विचारलंयस एवढंच की कुठे टाकू आणि आवाज क्लीन कसा करू. कुठे टाकायचं ते खाली सांगतो, त्याला पाच मिनिटं लागत नाहीत. क्लीन करायच्या आधी मात्र जरा थांब, कारण हे काम मी वीसेक वर्षं हौसेने करतोय आणि सगळ्यात मोठी माती मी क्लीन करतानाच खाल्लीय.

सुरवातीला मला वाटायचं लोकांना गाणं पाहिजे, मधली बडबड कोणाला हवीय. म्हणून निवेदिकेचं बोलणं कापलं, स्टेशन लावतानाची खरखर कापली, तानपुरा जुळवताना येतो तो आवाज कापला, छान गुळगुळीत एमपीथ्री केल्या आणि कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. हो, दिल्या. आज माझ्याकडे २२ मिनिटांची एक फाईल आहे, नाव ‘ट्रॅक ०७’, बाईंचा आवाज, गाणं जयपूर अंगाचं, आणि असलं सुंदर की पाच जाणकारांना ऐकवलं तर पाचही जण आधी गप्प बसले आणि मग पाच वेगळी नावं सांगितली. निवेदिकेने ते नाव एका वाक्यात सांगितलं होतं. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण ते पण. मी ते बडबड म्हणून उडवलं.

आता याच्या उलट ऐक. डिचोलीच्या एका घरातली कॅसेट, लेबलवर बॉलपेनने फक्त “गाणे – रेडिओ”. नाट्यसंगीत संपतं, कोणीतरी बटण बंद करायला विसरलंय, आणि शेवटच्या दीड मिनिटात बातम्या सुरू होतात, मांडवीचा पूल पडल्यावर फेरीबोटींची सोय कशी केलीय त्याबद्दल, आणि मध्येच टेप संपते. नेहरू पूल पडला ५ जुलै १९८६ ला. म्हणजे कॅसेट त्याच दिवसांतली, तारखेचा प्रश्नच मिटला. पण खरी मजा पुढे आहे. घरातल्या आजी बाजूला बसून ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, “तेव्हा हे पलीकडे पणजीला अडकलेले, बटण मीच दाबलेलं, बंद कसं करतात ते ठाऊक नव्हतं.” इतकी वर्षं सगळं घर म्हणत होतं की कॅसेटी आजोबांनी भरल्या! तर तो दीड मिनिटाचा तुकडा मी पहिल्यासारखं वागलो असतो तर नक्की कापला असता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की संग्रह आणि पॉडकास्ट ही दोन वेगळी कामं आहेत, ती एका फाईलमध्ये करू नकोस. कॅसेट पहिल्या खरखरीपासून शेवटच्या टकपर्यंत जशी आहे तशी उतरवून ठेव आणि तिला परत हात लावू नकोस. मग तिच्या कॉपीवर काय कापाकापी करायची ती कर, तिथे तुझं राज्य.

प्रश्नात तू रेडिओच्या या गाण्यांना नुसतं ‘सेशन’ म्हणून मोकळी झालीस म्हणून थोडं त्यावर. तिकडे इंग्लंडात बीबीसीच्या रेडिओ वनवर जॉन पील नावाचा निवेदक १९६७ पासून २००४ मध्ये जाईपर्यंत कार्यक्रम करत होता, तो नव्या नव्या बँडना स्टुडिओत बोलवायचा, साधारण एका दिवसात चार गाणी वाजवून घ्यायची आणि ती रेडिओवर लावायची, रेकॉर्डवरच्यापेक्षा वेगळी, घाईत वाजवलेली, थोडी कच्ची. श्रोते घरी टेप घेऊन बसायचे आणि त्याच टेपा आज लोक एकमेकांना देतात. आपल्याकडे हेच आकाशवाणीच्या स्टुडिओत चालायचं, फक्त कोणी त्याला सेशन म्हटलं नाही. ऑडिशन, मग बी-हाय की ए अशी ग्रेड, मग बोलावणं, आणि लाल दिवा लागला की मिळालेल्या वेळात राग मांडून संपवायचा, कारण पुढे बातम्या. मैफलीत दीड तास घेणारे गवई वीस मिनिटांत काय ठेवतात आणि काय सोडतात हे ऐकण्यासारखं असतं, आणि ते बाजारातल्या रेकॉर्डवर मिळत नाही. आपल्या फोंडा-पेडण्याकडचे कितीतरी कलाकार असे आहेत ज्यांची एकही रेकॉर्ड निघाली नाही, ते फक्त हवेत गायले, आणि ते आता असतील तर असल्या ट्रंकांतच.

आणि सरमिसळीची काळजी तर अजिबात करू नकोस. पोर्तुगीज काळातल्या एमिसोरा द गोवावर पोर्तुगीज, कोंकणी, मराठी, इंग्लिश सगळं एकाच स्टेशनवरून यायचं. पुढे आकाशवाणी पणजी झाली तरी सकाळी मराठी भक्तिगीत आणि नंतर कोंकणी कांतार हे आपल्याला कधी विचित्र वाटलं नाही. आजोबांच्या कॅसेटीत तो क्रम आपोआप आलेला असणार. माझ्याकडे एक टेप आहे त्यात कीर्तन संपतं आणि लगेच कोणीतरी सुई फिरवल्यासारखी शॉर्टवेव्हवरची वॉल्ट्झ सुरू होते, मी असं मुद्दाम जोडायला गेलो असतो तर इतकं छान जमलं नसतं.

आता उतरवणं. पहिली गोष्ट, पावसात हे काम काढू नकोस. आपल्या हवेत कॅसेटीला बुरशी धरते, छोट्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी पूड दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये घालूच नकोस, हेड (टेप वाचणारा भाग) खराब होईल आणि पुढच्या दहा कॅसेटींना तीच पूड लागेल. ती बाजूला काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेव, नंतर बघू. बाकीच्यांची आतली स्पंजची गादी जागेवर आहे का बघ, जुन्या कॅसेटींत गोंद सुकून ती पडते आणि मग आवाज दबका येतो आणि आपण उगाच टेपला शिव्या देतो. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घे, चिकटलेली टेप मोकळी होते. दर दोन-तीन कॅसेटींनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. अत्तर, स्पिरिट, घरातलं काही चालणार नाही.

डेक मात्र बरा घे, ते यूएसबीवाले स्वस्त वॉकमन घेऊ नकोस, त्यांचा वेग हिंदकळतो, हार्मोनियम ऐकली की दारू प्यायल्यासारखी वाटते. गावात कोणाकडे तरी बंद पडलेला चांगला डेक असतोच, बेल्ट बदलला की चालतो. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा तिरकेपणा बदलतो. आजोबांचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र (गल्फहून कोणीतरी आणलेलाच असणार, नाहीतर बोटीवरच्या तारवटी मामाने) आणि तुझा डेक यांचे हेड एकाच कोनात असतील असं नाही, म्हणून आवाज कांबळं घातल्यासारखा येतो. मोनोवर ठेवून निवेदिकेचे ‘स’ आणि ‘श’ ऐकत तो स्क्रू केसभर फिरव, ज्या क्षणी ‘आकाशवाणी’तला ‘श’ स्वच्छ होईल तिथे थांब. बघ, निवेदन इथे पण कामाला आलं. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच सॉफ्टवेअरने पडत नाही.

ऑडॅसिटी फुकट आहे, ते पुरेसं आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर उतरव, तासाला साधारण एक जीबी, म्हणजे सगळ्या कॅसेटी धरून ६० ते ९० जीबी, फ्लॅक (आवाज न बिघडवता फाईल लहान करणारा प्रकार) केलंस की जवळपास निम्मं. दोन हार्डडिस्क, दोन वेगळ्या घरांत. नॉइज रिडक्शन फक्त पॉडकास्टच्या कॉपीवर आणि अगदी थोडं, जास्त लावलंस की तानपुरा पाण्याखाली गेल्यासारखा होतो. मीडियमवेव्हवरून भरलेलं असेल तर पाचेक किलोहर्ट्झच्या वर गाण्यातलं काही नसतंच, वर जे आहे ते नुसतं टेपचं फुसफुसणं, तेवढं कापलंस तर चालेल. विजेची घूं ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटीत १००, १५० वर सापडते.

वेग बरोबर आहे का बघायला हार्मोनियम ऐक. सूर काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी लटकत असेल तर बहुतेक टू-इन-वनच जलद नाहीतर हळू चालत होता. पेटी स्वतः थोडी वर-खाली लावलेली असू शकते, म्हणून एका कॅसेटवरून ठरवू नकोस, त्याच मशिनवरच्या चार कॅसेटी बघ. आणि पेटीवरून काळ पण कळतो बरं का. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी होती, त्यामुळे ट्रंकेत कोणाचा स्पूल (कॅसेटच्या आधीची उघड्या चाकावरची टेप) निघाला आणि त्यात गाण्याला पेटीऐवजी सारंगी असेल तर कान टवकार.

घरच्या आरत्यांच्या टेपांत एक गंमत होईल. घुमटाची (आपल्या मातीच्या वाद्याची) थाप पडली की बाकी सगळा आवाज दबतो आणि मग हळूहळू वर येतो. ते टेप खराब झाल्याने नव्हे, आतल्या माईकवर मोठा आवाज आला की टू-इन-वनच आपणहून लेव्हल खाली ओढतो. दुरुस्त करायच्या नादाला लागू नकोस. मला तर आता तो श्वासासारखा वर-खाली होणारा आवाज ऐकला की चवथ आठवते.

पॉडकास्टबद्दल माझं मत, पटलं तर घे. अर्धा तास बरोबर आहे. तू स्वतः बोल, साखळीत बोलतेस तसंच बोल, एफएमवाल्यांसारखं ओरडू नकोस. एका भागात पाच-सहाच तुकडे, आणि जुनं निवेदन निदान एक तरी अख्खं ठेव. एका गाण्यातून दुसऱ्यात हळूच विरघळवणं वगैरे टाळ, रागाचा शेवट फादोच्या गिटारीवर चढला की दोन्ही बेसूर वाटतात, मध्ये दोन सेकंद शांतता ठेवलीस की पुरे. सगळ्यांची लेव्हल सारखी कर, नाहीतर ऐकणारा बसमध्ये आवाज वाढवून बसतो आणि पुढचं इंग्लिश गाणं त्याच्या कानात फुटतं.

कुठे टाकायचं? अख्ख्या कॅसेटी इंटरनेट अर्काइव्हवर, एका कॅसेटला एक पान, त्यात लेबलवरचं जसंच्या तसं, आजोबांच्या अक्षराचा फोटो, कुठल्या मिनिटाला काय. मिक्स केलेले भाग मिक्सक्लाउडवर, कारण ते हक्कवाल्या संस्थांना पैसे देतात, त्यामुळे मध्ये बाजारातलं एखादं गाणं आलं तरी चालून जातं. यूट्यूबवर कंपनीचं गाणं लगेच ओळखलं जातं, तिकडे फक्त घरचंच टाक.

हक्कांबद्दल, मी वकील नाही, पण ढोबळ असं आहे. आपल्या कायद्यात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क, प्रक्षेपणावर रेडिओचा २५ वर्षं, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा ५० वर्षं, आणि गीतकार-संगीतकाराचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे पारंपरिक बंदिशीला संगीतकार आडवा येत नाही, पण अभिषेकीबुवा १९९८ ला गेले, त्यांच्या चालींवर २०५८ संपेपर्यंत हक्क राहणार. ती १९८६ ची डिचोलीची कॅसेट घे, रेडिओचा प्रक्षेपणाचा हक्क २०११ ला संपला, गायकाचा २०३६ पर्यंत आहे, आणि स्टुडिओत केलेल्या मूळ मुद्रणाचा हिशोब आणखी वेगळा. म्हणून पैसे कमवायच्या भानगडीत पडू नकोस, जाहिराती नकोत, आणि कोणी काढ म्हटलं तर त्याच दिवशी काढ.

त्यापेक्षा घरी जाऊन विचारणं सोपं. गोव्यात कलाकाराचं घर सापडायला दोन फोन लागतात. एका गवयांच्या मुलीला मी वडिलांचं रेडिओवरचं गाणं ऐकवलं, तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, त्या दिवशी पप्पांचा घसा बसलेला, घरी येऊन जेवले पण नाहीत, हे लोकांत नको. मी ते टाकलं नाही. मग तिनेच आतल्या खोलीतून तीन कॅसेटी आणून दिल्या, त्यातलं गाणं ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

तर आधी लेबलं वाचून यादी कर, आणि आजी असतील तर त्यांना जवळ बसवून ऐक, बाजूला फोनवर त्यांचं बोलणं पण टेप कर. माझी ‘ट्रॅक ०७’ मी या आठवड्यात चढवतोय, कापलेली आहे तशीच. आजोबांच्या ट्रंकेत त्याच बाई कुठे निवेदनासकट निघाल्या तर रात्री-अपरात्री पण कळव.