भावाला स्किझोफ्रेनिया आहे; चिडतो, स्वतःला इजा करून घेतो. गोळ्यांशिवाय घरात काय करता येईल?
पुष्कळ काही, फक्त गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आमचंही घर लालबागच्या चाळीतलं, १० बाय १२ ची खोली. दादा तापला की आधी टीव्ही बंद, दार मोकळं आणि बोलायचं एकानेच, हळू आवाजात. 'तुला ऐकू येतंय ते खोटं' असा वाद नाही. 'भीती वाटतेय का?' एवढंच. बरा असताना त्याच्याकडूनच लिहून घ्या: बिघडण्याच्या खुणा कोणत्या, तेव्हा फोन कुणाला. धारदार वस्तू, जास्तीच्या गोळ्या कुलपात. कोंडू किंवा बांधू तर मुळीच नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंड आणि एकांतकोठडीला रुग्णालयांतही मनाई आहे. मुंबईत केईएम, नायर रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत घरच्यांच्या समुपदेशनाचं विचारा. रात्री-अपरात्री टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत. जिवावर बेतलं तर लगेच ११२.