माणसाच्या मनावर दुसऱ्याला पूर्ण ताबा मिळवता येतो का? आणि तसं होत असेल तर आपल्याला ते कळतं का?

पहिल्या भागाचं उत्तर बऱ्यापैकी ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचंही ‘नाही’च आहे, आणि खरी गोची तिथं आहे.

मी हे कशाच्या जोरावर बोलतोय ते आधी सांगतो. २०११ साली डिप्लोमा संपवून कोल्हापूरहून पुण्याला नोकरी शोधायला गेलो आणि शाळेतल्या एका मित्राच्या फोनमुळे नोकरीऐवजी एका ‘बिझनेस’मध्ये जाऊन पडलो. नाव घेत नाही. आधी साडेनऊ हजार भरायचे, त्याबदल्यात सुटाचं कापड आणि कसल्याशा कोर्सची सीडी मिळायची. मग आपल्याखाली दोघांना आणायचं, त्या दोघांनी प्रत्येकी आणखी दोघांना. पैसे मी काकांकडून आणले, कॉम्प्युटरचा क्लास लावतोय असं सांगून.

एका फ्लॅटमध्ये आम्ही चौदा जण राहत होतो. पहाटे पाचला उठायचं, सकाळी मीटिंग, दिवसभर लोकांना ‘प्लॅन’ दाखवत फिरायचं, रात्री बारापर्यंत दिवसाचा आढावा. बावीस वर्षांच्या पोराला ‘सर’ म्हणायचं. कुणी शंका काढली की तो ‘निगेटिव्ह’. घरचे निगेटिव्ह, नोकरी करणारे दोस्त निगेटिव्ह, पेपर वाचणं तर महानिगेटिव्ह. घरी फोन करायचा असेल तर सर शेजारी बसणार आणि फोन स्पीकरवर. आवाजात एनर्जी आहे की नाही ते बघायला, म्हणे. आई विचारायची, “जेवलास का रं?” आणि मी सरांच्या तोंडाकडे बघत म्हणायचो, “जेवलो की! एकदम मस्त चाललंय.” त्या दिवशी दोन वडापाव झालेले असायचे, सकाळी एक, रात्री एक.

कुणी मारलं नाही, कोंडलं नाही. दाराला कडीसुद्धा नसायची. तरी तीन महिने मी तिथून हललो नाही. आता लोक म्हणतात, तुमची डोकी फिरवली होती. तसं नव्हतं हो. शंका रोज रात्री यायची. पण चौदा जण ओळीनं झोपलेले, आणि मला वाटायचं, बाकीचे तेरा ठाम आहेत, मीच कच्चा. पुढं कळलं की त्या तेरांतल्या निदान पाच जणांना त्याच रात्री हेच वाटत होतं.

सुटलो ते आजी गेली म्हणून. सर म्हणाले, “जाऊन काय करणार, ती परत येणार आहे का?” एरवी मी थांबलोही असतो, पण वडिलांचा आवाज ऐकला आणि थेट स्वारगेट गाठलं. कोल्हापूरची एसटी. शेजारी एक आजोबा होते, ते खंबाटकी घाट यायच्या आधीच झोपले. किती आठवड्यांनी माझ्याशी कुणीच बोलत नव्हतं. सातारा मागं पडलं तसा मी मोबाईलमधला कॅल्क्युलेटर काढला आणि दोनला दोननं गुणत बसलो, पायऱ्या मोजत. विसाव्या पायरीला दहा लाखांच्या वर. सत्ताविसाव्या पायरीला १३ कोटी ४२ लाख. त्याच वर्षी जनगणना झाली होती, महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास. म्हणजे सत्ताविसाव्या पायरीवरच्या पोरांना खालची माणसं आणायला कर्नाटकात नाहीतर गुजरातेत जायला लागणार होतं.

सातवीतल्या पोराचं गणित हे. डिप्लोमाला गणितात मला डिस्टिंक्शन होतं. तीन महिन्यांत मी हा हिशेब का केला नाही? डोकं कुणी काढून घेतलं नव्हतं. मला फक्त एकटं सोडलं नव्हतं.

हे नीट उमगायला बरीच वर्षं गेली, आणि उमगलं ते भलत्याच ठिकाणी, जनरल शंकरराव थोरातांबद्दल वाचताना. आमच्या कोल्हापूरचे म्हणून कुतूहल, बाकी सैन्याशी माझा काही संबंध नाही. कोरियाचं युद्ध २७ जुलै १९५३ ला थांबलं, पण कैद्यांचा प्रश्न उरला. अमेरिका-दक्षिण कोरियाच्या बाजूनं पकडलेले चीन आणि उत्तर कोरियाचे जवळपास २२,६०० कैदी म्हणत होते, आम्हाला परत जायचं नाही. उलट बाजूला, म्हणजे चीन-उत्तर कोरियाच्या ताब्यात, परत जायला नको म्हणणारे ३५९ जण होते, त्यांत २३ अमेरिकन. दोन्ही बाजूंचा एकमेकांवर एकच आरोप: आमच्या माणसांची मतं तुम्ही दमदाटीनं नाहीतर शिकवणुकीनं फिरवलीत. मग तटस्थ देशांचा आयोग नेमला, अध्यक्ष आपल्या लष्करातले थिमय्या, आणि कैद्यांचा पहारा भारतीय फौजेकडे. तिचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू देईनात, म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरनं थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवायला लागलं.

ठरलं असं की नव्वद दिवस प्रत्येक बाजूनं आपल्या कैद्यांना समजवायचं. त्यासाठी तंबू उभारले. कैदी एकटा आत येणार, समोर त्याच्या देशाचे अधिकारी, सोबत तटस्थ देशांचे लोक. तंबूला बाहेर पडायची दोन दारं. एका दारानं गेलास तर मायदेशी, दुसऱ्यानं गेलास तर परत छावणीत. मतपेटीपेक्षा सोपी गोष्ट.

पण तंबूपर्यंत येणार कसं? काटेरी तारेच्या आत कैद्यांचेच म्होरके होते, त्यांची शिस्त, त्यांच्या घोषणा, त्यांची गाणी. काहींच्या अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदवलेल्या, आणि त्या सगळ्या काही हौसेनं गोंदवून घेतलेल्या नव्हत्या. घरी जावंसं वाटतंय असा कुणाबद्दल संशय आला की मारहाण, प्रसंगी खून. सुरुवातीलाच एका भारतीय मेजरला कैद्यांनी आत ओढून ओलीस धरलं. थोरात स्वतः त्या जमावात गेले आणि त्याला सोडवून आणलं. नव्वद दिवसांतले मोजकेच दिवस समजावणी झाली, कारण कितीतरी गट तंबूकडे यायलाच तयार होईनात. आणि तरी काही जण रात्री अंधारात तारा ओलांडून भारतीय पहारेकऱ्यांपाशी येत आणि म्हणत, मला घरी पाठवा.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. दिवसा हजारांच्या तोंडी एकच घोषणा, आणि रात्री त्यांतलाच एक तारेवर हातपाय फाडून घेत घरी जायला बघतोय. दिवसा त्याचं मन बदललेलं होतं का? मला नाही वाटत. त्याला मन होतं, दार नव्हतं. (माझ्या सुटाच्या कापडाची तुलना कोरियाच्या छावणीशी करणं जरा अतीच आहे, मान्य. पण तो स्पीकरवरचा फोन आणि ती तार, या दोन्हींचं काम एकच.)

‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्दसुद्धा त्याच युद्धाच्या वेळचा. एडवर्ड हंटर नावाच्या अमेरिकन पत्रकारानं १९५० मध्ये तो छापला, चिनीतल्या ‘मेंदू धुणे’ अशा अर्थाच्या शब्दावरून. त्या २३ अमेरिकनांतले दोघं मुदत संपायच्या आत परत गेले, तर पुढं त्यांच्यावर लष्करी खटला भरून तुरुंगात टाकलं. उरलेले २१ जण मात्र परतले नाहीत. ते चीनला गेले आणि त्यांच्या देशातल्या वर्तमानपत्रांनी एका शब्दात निकाल लावला: ब्रेनवॉश झालेत. त्यांतले तिघे कृष्णवर्णीय होते. मेम्फिसच्या क्लॅरेन्स ॲडम्सनं स्पष्ट सांगितलं की मायदेशातल्या वर्णभेदाला मी कंटाळलोय. पण शब्द एकदा चिकटला की कारण कोण ऐकतो? यातले बहुतेक जण पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत परतले, ॲडम्स १९६६ मध्ये. म्हणून मला हा शब्द फारसा आवडत नाही. समोरच्याला ‘तुझं ब्रेनवॉश झालंय’ म्हणणं आणि आमच्या सरांनी माझ्या वडिलांना ‘निगेटिव्ह’ म्हणणं, दोन्हींत फरक थोडा आहे. बोलणं तिथंच तुटतं.

अमेरिकेच्या सीआयएनं मात्र या भीतीपोटी १९५३ पासून मन ताब्यात घ्यायचं औषध शोधण्यावर वर्षानुवर्षं पैसा ओतला. न सांगता माणसांना एलएसडी पाजली, कागदपत्रं १९७३ मध्ये जाळून-फाडून टाकायला लावली. हाती काय लागलं? कळसूत्री बाहुली काही कुणाला बनवता आली नाही. माझं पहिलं ‘नाही’ मुख्यतः याच्यावर उभं आहे.

कामाची माहिती दिली ती कैद्यांशी प्रत्यक्ष बोललेल्या लोकांनी. रॉबर्ट लिफ्टन हे मानसोपचारतज्ज्ञ त्या काळात हाँगकाँगमध्ये चीनमधून बाहेर पडलेल्या ४० जणांना सविस्तर भेटले, २५ पाश्चात्त्य आणि १५ चिनी. त्यांच्या लिखाणात जादू कुठंच नाही. कुणाशी बोलायचं ते दुसरा ठरवतो, पापं कबूल करायला लावली जातात, आणि काही ठरावीक शब्द असे असतात की ते उच्चारले की विचार संपतो. आमचा ‘निगेटिव्ह’ हा त्यातलाच. एडगर शाइन या मानसशास्त्रज्ञांनी परत आलेल्या अमेरिकन सैनिकांकडून ऐकलं की छावणीत पत्रं रोखून धरायचे, आणि वाईट बातमीचं असेल ते मात्र पोचवायचे. मित्रांपासून, वरिष्ठांपासून तोडायचे. म्हणजे परत तेच. मेंदूला हात न लावता त्याच्याभोवतीची माणसं काढून घ्यायची.

याची उलटी बाजू सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात दिसते, १९५१ च्या सुमाराचा. कागदावर एक रेघ, शेजारी तीन, कुठली सारखी ते सांगायचं. डोळ्यांना धडधडीत दिसतंय, पण आधीचे सगळे (आधी पढवून ठेवलेले) चुकीचं सांगतात. अशा वेळी एकूण उत्तरांतली साधारण एक तृतीयांश त्यांच्या मागं गेली. पण त्या घोळक्यात एक जण, फक्त एक, बरोबर उत्तर देणारा ठेवला की हे प्रमाण एकदम कोसळलं. आमच्या चौदा जणांत एकानं जरी रात्री कुजबुजून विचारलं असतं, “तुला पटतंय का रे?” तर महिन्याभरात अख्खा फ्लॅट रिकामा झाला असता. फोन स्पीकरवर का ठेवायचा हे सरांना कुणी मानसशास्त्र शिकवून कळलं नव्हतं. धंद्याला काय लागतं ते धंदाच शिकवतो.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला माझं उत्तर: ‘माझ्यावर ताबा आहे का’ हे आतून चाचपत बसू नका, आतून सगळं आपलंच वाटतं. बाहेरून बघा. मागच्या महिन्यात तुम्ही कुणाशी एकट्यानं, कुणाला हिशेब न देता, तासभर बोललात? झोप किती झाली? हे सोडून गेलेल्यांबद्दल तिथं काय बोललं जातं? ‘मला विचार करायला आठ दिवस द्या’ म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो? तो बुवा असो, पक्ष असो, कंपनी असो की नवरा असो. आणि स्वतःला एक विचारा: काय दिसलं तर मी माझं मत बदलेन? ‘काहीही दिसलं तरी नाही’ असं उत्तर आलं तर मी तरी तिकीट काढेन, कुठल्याही लांबच्या गाडीचं. पैशांचा मामला असेल तर हेही माहीत असू द्या की खाली माणसं जोडण्यावर पैसे मिळणाऱ्या अशा योजनांवर १९७८ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांतही पिरॅमिड योजना चालवायला मनाई आहे.

दुसऱ्या कुणाला बाहेर काढायचं असेल तर माझी चूक करू नका. माझ्याखाली मी एका मित्राला आणलं होतं, तो तिथंच राहिला होता. कोल्हापूरहून मी त्याला फोन करून सत्तावीस पायऱ्यांचा हिशेब ओरडून सांगितला. फोन अर्थातच स्पीकरवर होता. तो म्हणाला, “तू निगेटिव्ह झालास,” आणि फोन ठेवला. पुढं दीड महिना बोलला नाही.

मग मी पुण्याला गेलो आणि त्याला म्हटलं, मंगळवारी सिंहगडावर चल, बाकी काही नाही. सरांना त्यानं सांगितलं, एकाला प्लॅन दाखवायला चाललोय. अख्खा दिवस मी त्या विषयाचं अवाक्षर काढलं नाही. जीभ चावत होतो, पण नाही काढलं. वर पिठलं-भाकरी खाल्ली, मडक्यातलं दही खाल्लं, धोनीवरून भांडलो. आतकरवाडीच्या वाटेनं उतरताना तो बराच वेळ गप्प होता. निम्म्यात थांबला, दगडावर बसला, खिशातून मोबाईल काढला आणि म्हणाला, “किती वेळा दोननं गुणायचं म्हणालास तू?”