गुणतालिकेच्या आधी मालकीचा कागद वाचा

तुमचा प्रश्न वाचला आणि काही वर्षांपूर्वीचे आमचेच दिवस डोळ्यांसमोर उभे राहिले. अमेरिकेत ओहायोतल्या तुमच्या हौशी सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल) क्लबाने सलग दुसऱ्यांदा विभागीय लीग जिंकली आहे, मुले वरच्या श्रेणीत कधी जायचे म्हणून विचारू लागली आहेत, आणि अमेरिकेत बढती-पदावनती सुरू होणार या बातमीच्या भरवशावर शाळेचे मैदान पाच वर्षांच्या कराराने घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे : तो करार आत्ता करू नका.

बढती-पदावनती म्हणजे गुणतालिकेत वर राहिलेला संघ वरच्या श्रेणीत आणि तळाचा खालच्या श्रेणीत जाणे, हे तुम्हाला सांगायला नको. पण बातमीतला एक तपशील तुमच्या नजरेतून सुटला असावा असे वाटते. मार्च २०२५ मध्ये युनायटेड सॉकर लीगच्या, म्हणजे अव्वल साखळी मेजर लीग सॉकरहून वेगळ्या संघटनेच्या, क्लबमालकांनी बहुमताने जी पद्धत स्वीकारली, ती त्यांच्या तीन व्यावसायिक श्रेणींपुरती आहे. म्हणजे नियोजित पहिली श्रेणी, सध्याची चॅम्पियनशिप आणि लीग वन. तुमच्यासारखा हौशी क्लब विभागीय विजेतेपदाच्या जोरावर आपोआप त्या शिडीच्या खालच्या पायरीवर येऊन उभा राहत नाही. त्या पायरीपर्यंत पोहोचायला आजही अर्जच करावा लागतो, आणि आम्ही फसलो ते त्या अर्जात.

आमच्या क्लबाचे ४६ सभासद होते आणि प्रत्येकाचा हिस्सा समान होता. याचा आम्हाला अभिमान होता. अर्जाची तयारी करताना आम्ही प्रवासखर्च, प्रशिक्षकांची प्रमाणपत्रे, प्रेक्षकांची आसने, वैद्यकीय व्यवस्था असे सगळे तपासले. मालकीचे पान मात्र नुसते भरून टाकले, त्यामागची अट वाचलीच नाही. अमेरिकेच्या सॉकर महासंघाच्या व्यावसायिक मानकांनुसार क्लबाचा किमान ३५ टक्के हिस्सा एका प्रमुख मालकाकडे असावा लागतो आणि त्या व्यक्तीची संपत्ती, राहते घर व क्लबातली गुंतवणूक वगळून, तिसऱ्या श्रेणीसाठीही किमान १ कोटी डॉलर असावी लागते. दुसऱ्या श्रेणीसाठी २ कोटी आणि पहिलीसाठी ४ कोटी. आमच्या ४६ जणांत नोकरदार होते, दोन शिक्षक होते, एक बेकरीवाले होते. आम्ही सगळे सामने जिंकलो असतो तरी ती अट पुरी होणार नव्हती.

ज्या कार्यालयात अर्ज दिला त्याचे नाव मी घेणार नाही. पण अर्जाच्या पहिल्याच पानावर ४६ नावे होती, आणि ती पाहून पहिल्याच दिवशी कोणीतरी एवढेच म्हणायला हवे होते की ही रचना चालणार नाही. नऊ महिने दूरध्वनीवर ‘अर्ज विचाराधीन आहे’ एवढेच ऐकायला मिळाले. एकदा तर मैदानाची व्यवस्था आधी पक्की असेल तर बरे, असेही सुचवले गेले, आणि आम्ही त्या तोंडी शब्दावर तीन वर्षांचा करार केला, अनामत भरली, कुंपण घातले. शेवटी चार ओळींचे पत्र आले : मालकीची रचना मानकांत बसत नाही. त्यानंतर दोन हंगाम आम्ही वापरात नसलेल्या मैदानाचे भाडे भरत होतो, आणि त्या काळात संघातली चांगली मुले एकेक करून निघून गेली. नकाराबद्दल माझी तक्रार नाही. नियम होता आणि तो आम्ही वाचायला हवा होता. पण माहीत असलेली गोष्ट नऊ महिने न सांगणे हा अन्याय आहे, असे मला आजही वाटते.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, अमेरिकेत बढती-पदावनती खरोखर आणायची असेल तर सुरुवात गुणतालिकेपासून नव्हे, मालकीच्या या अटीपासून व्हायला हवी. आर्थिक स्थैर्याची हमी जरूर मागा. बँक हमी घ्या, लेखापरीक्षण करा, अनामत वाढवा. पण ती हमी एकाच श्रीमंत माणसाच्या रूपाने का हवी? जर्मनीत ५०+१ नियमाने बहुतेक व्यावसायिक क्लबांत मताधिकाराचे बहुमत सभासदांकडेच ठेवावे लागते, आणि तिथे वर-खाली जाण्याची पद्धत अनेक दशके चालू आहे.

मी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरजवळ राहतो, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी कोरडा नाही. १९९९ मध्ये दुसऱ्या श्रेणीतल्या इथल्या रायनोज संघाने अव्वल श्रेणीतले चार संघ हरवून यूएस ओपन कप ही सर्व श्रेणींच्या संघांना खुली असलेली स्पर्धा जिंकली. १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाल्यापासून तिच्याबाहेरच्या दुसऱ्या कोणत्याही क्लबाला तो चषक मिळालेला नाही. २००६ मध्ये शहरात खास सॉकरसाठी मैदानही उभे राहिले, पण मेजर लीगचे दार उघडले नाही, आणि नाव बदलून परतलेला तो क्लब २०२३ मध्ये कायमचा बंद झाला. सॅक्रमेंटोचे उदाहरण याहून बोलके आहे. त्या शहराला २०१९ मध्ये मेजर लीगमध्ये जागा मिळाली होती. २०२१ मध्ये प्रमुख गुंतवणूकदाराने माघार घेतली आणि जागा गेली. पुढच्याच वर्षी त्याच क्लबाने मेजर लीगचे तीन संघ हरवून ओपन कपची अंतिम फेरी गाठली. संघ तिथे पोहोचण्याइतका तयार होता. एका माणसाचा निर्णय बदलला एवढेच.

विरुद्ध बाजूही मांडायला हवी, आणि ती तुमच्याच राज्यात आहे. एफसी सिनसिनाटी २०१९ मध्ये १५ कोटी डॉलर प्रवेशशुल्क भरून मेजर लीगमध्ये गेला, लागोपाठ तीन हंगाम तळाला राहिला, आणि २०२३ मध्ये त्याने साखळीतले सर्वाधिक गुण मिळवून सपोर्टर्स शील्ड जिंकली. पदावनती असती तर तो पहिल्याच वर्षी खाली गेला असता आणि कदाचित सावरलाही नसता. सॅन दिएगोच्या नव्या क्लबासाठी प्रवेशशुल्क ५० कोटी डॉलरवर गेल्याची बातमी होती. एवढी रक्कम भरणारा माणूस एका वाईट हंगामात ती धोक्यात घालायला तयार होणार नाही, हे मी समजू शकतो. मायामी एफसी आणि किंग्स्टन स्टॉकेड या दोन क्लबांनी २०१७ मध्ये अमेरिकेत बढती-पदावनती लागू करावी म्हणून क्रीडा लवादाकडे दाद मागितली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती फेटाळली गेली. त्यामुळे मेजर लीगचे दार कायद्याच्या जोरावर लवकर उघडेल, अशी आशा मला नाही. खालच्या श्रेणींतच ही पद्धत आधी रुजावी लागेल, आणि खाली येणाऱ्या क्लबाला निदान दोन हंगाम आर्थिक आधार द्यावा लागेल.

आपल्याकडेही हे घडले आहे. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा धेंपो क्लब २०१५ मध्ये आय-लीग या तेव्हाच्या अव्वल लीगमधून खाली गेला, २०१६ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून त्याने परतीचा हक्क मिळवला, आणि त्याच वर्षी साळगावकर व स्पोर्टिंग या गोव्याच्याच क्लबांप्रमाणे त्यानेही माघार घेतली, कारण बढती-पदावनती नसलेल्या इंडियन सुपर लीगला सर्वोच्च दर्जा देण्याचा प्रस्ताव पुढे आला होता.

आता तुमच्यापुरते. मी वकील नाही, आणि मानके बदलत असतात, तेव्हा चालू मसुदा स्वतः वाचा. सध्याच्या सभासदांच्या यादीसह मालकीची रचना लेखी कळवून ती चालेल का, एवढाच प्रश्न लेखी विचारा. उत्तरही लेखीच घ्या. ते हाती येईपर्यंत मैदान हंगामापुरतेच भाड्याने घ्या. शिवाय शाळेचे मैदान टेप लावून मोजा. अमेरिकन फुटबॉलचे मैदान जेमतेम ५३ यार्ड रुंद असते आणि मानकांना ७० यार्ड हवे असतात. भोवती धावण्याचा ट्रॅक असेल तर ती रुंदी मिळेलच असे नाही. आमचे मैदान ६५ यार्ड भरले होते, आणि ते आम्ही मोजले करारावर सही केल्यानंतर.