रेजाकाम (बांधकामावर घमेली वाहण्याची मजुरी) करणाऱ्या बाईची बांधकाम कामगार म्हणून नोंदणी होते का?

हो, होते. तुम्ही विचारलंय की वहिनी गावात घरकुलाच्या कामावर मिस्त्रीच्या हाताखाली रेजा म्हणून जाते, पक्का ठेकेदार नाही, मग नोंदणीचं कार्ड निघेल का. बांधकाम कामगारांच्या कायद्यात बाई आणि पुरुष असा फरक नाही. वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम, एवढंच लागतं. घमेली वाहणं हेही कामच. ठेकेदार नसेल तर ९० दिवसांचा दाखला ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) घ्या. आमच्या यवतमाळकडं बाया इथंच अडतात. कापूस वेचणीचे दिवस या ९० दिवसांत धरत नाहीत, म्हणून कामाच्या तारखा लिहून ठेवा. नोंदणी जिवंत असेल तर बाळंतपणालाही मदत मिळते. दरवर्षी नूतनीकरण मात्र विसरू नका.