ऑनलाइन एमबीए : नेमकी कोणती मान्यता पाहावी?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेबाचे काम पाहते. नोकरी सांभाळून ऑनलाइन एमबीए करायचे आहे. माहितीपत्रकावर नॅकची (उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची) श्रेणी आणि ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ ठळक छापली आहे. तेवढे पुरेसे आहे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही, तेवढ्यावर विसंबून शुल्क भरू नये. नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, तर अभ्यासक्रम ऑनलाइन चालवण्याची परवानगी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाकडे पाहावी लागते. त्या विभागाच्या संकेतस्थळावरील यादीत विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि आपल्या प्रवेशाचे सत्र या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. बहुतेकजण विद्यापीठाचे नाव दिसताच निर्धास्त होतात आणि नेमकी तिथेच फसगत होते, याची मला फार काळजी वाटते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची पदवी आयोगाच्या २०२२ च्या सूचनेनुसार नियमित पदवीशी समकक्ष आहे.

व्यवस्थापन शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या एएसीएसबीसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांचे मूल्यांकन गुणवत्तेची खूण म्हणून निश्चितच मोलाचे आहे, पण ते आयोगाच्या परवानगीची जागा घेऊ शकत नाही. फ्रँचायझी पद्धतीने, म्हणजे विद्यापीठाच्या नावावर दुसऱ्याच संस्थेमार्फत, असे अभ्यासक्रम चालवण्यास आयोगाची मनाई आहे; म्हणून ‘आजच भरा, सवलत मिळेल’ असा तगादा लावणाऱ्या मध्यस्थाच्या खात्यात पैसे न टाकता ते थेट विद्यापीठाकडे भरून पावती घ्यावी. शेवटी हातात पदवी मिळणार की पदव्युत्तर पदविका, हेही प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्यावे.